खोलींतील थर्मोस्टॅट कोठें बसवावा?

भोर-वेल्ह्याच्या मुलुखांत वाढलेल्या मनुष्यास घर ऊबदार ठेवणाऱ्या यंत्राची गरज आजवर फारशी भासली नाहीं. जाड मातीच्या अथवा दगडी भिंती, वर कौलें, स्वयंपाकघरांत चूल आणि पौष-माघाच्या रात्रीं अंगावर घोंगडी, इतक्यावर आमच्या वाडवडिलांची थंडी निभावून गेली. परंतु काळ पालटला आहे. याच मुलुखांतील कित्येक घरांतील मुलगे व मुली आज शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, कॅनडा अशा थंड देशांत राहत आहेत, आणि त्यांचे आईबाप नातवंडें पाहावयास तिकडे जाऊं लागले आहेत. इकडे गांवांतही सिमेंटच्या स्लॅबचीं घरें झालीं, कांहीं घरांत हवा थंड करणारें एसी यंत्र आलें, आणि शेतीच्या जोडीला कोंबड्यांचें पालन करणारीं कुटुंबें निघालीं. या सर्व ठिकाणीं एक लहानसें यंत्र गुपचूप आपलें काम करीत असतें. त्यास थर्मोस्टॅट म्हणतात.

हें यंत्र कोठें बसवावें हा प्रश्न वरवर पाहतां वायरमनचा दिसतो. भिंतीस भोंक कोठें पाडणें सोयीचें, तार कोठून नेणें स्वस्त, एवढाच विचार करून बहुधा तो सोडविला जातो. परंतु त्यांत घरांतील वडील माणसांचें सुख, तान्ह्या मुलांची प्रकृति आणि महिन्याचें वीजबिल हीं तिन्ही गुंतलेलीं आहेत. म्हणून या विषयाची थोडी चर्चा आमच्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. लेखांत जेथें जेथें अंश म्हटलें आहे तेथें सेल्सिअसचे अंश समजावे.

प्रथम आमच्या ऐकण्यांत आलेला एक प्रसंग सांगतों. वेल्ह्याकडील एक वृद्ध बाई मार्गशीर्षाच्या सुमारास आपल्या नातवाकडे इंग्लंडांत राहावयास गेल्या. नातू मोठा प्रेमळ. त्यानें आजीसाठीं मागील बाजूची शांत खोली तयार करून ठेविली होती. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आजी म्हणाल्या, "बाळा, रात्रभर पाय गार पडले रे." नातवानें बाहेरच्या बोळांतील भिंतीवर लावलेल्या थर्मोस्टॅटकडे पाहिलें आणि हंसून सांगितलें, "आजी, अगं, घरांत एकवीस अंश आहे. तुला उगीच भास होतो." असें दोनतीन दिवस चाललें. शेवटीं आजी म्हणाल्या, "तुझ्या यंत्राला म्हणावं, एक रात्र माझ्या खोलीत निजायला ये." नातू शहाणा होता. त्यानें एक साधा थर्मामीटर त्या रात्रीं आजीच्या उशाशीं ठेविला आणि पहाटे उठून पाहिला. पारा कित्येक अंश खालीं होता. बोळांतील थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं, एका तापलेल्या रेडिएटरच्या वर होता. त्याला एकवीस अंश लागत होते हें खरें. परंतु आजीला ते लागत नव्हते हेंही तितकेंच खरें.

या प्रसंगांत कोणीही खोटें बोललें नाहीं. यंत्रानें आपल्या जागेची साक्ष दिली आणि आजींनीं आपल्या जागेची. चूक झाली ती एवढीच, कीं एका जागेची साक्ष साऱ्या घराची म्हणून धरली गेली. आमच्या विषयाचें सर्व सार या एका वाक्यांत आहे. पुढील सर्व नियम यांतूनच निघतात.

आतां हें यंत्र कसें चालतें तें पाहूं. थर्मोस्टॅट हा शब्द ग्रीक भाषेंतील दोन शब्दांपासून बनला आहे. पहिल्याचा अर्थ उष्णता आणि दुसऱ्याचा अर्थ स्थिर राहणारें. थर्मामीटर उष्णतामान केवळ सांगतो. थर्मोस्टॅट तें ऐकून कृति करतो. हवा ठरलेल्या अंशाहून थंड झाली कीं तो भट्टी पेटवितो, आणि पुरेशी गरम झाली कीं विझवितो. एसी यंत्रांत हेंच काम उलट होतें.

याचा इतिहास आमच्या वाचकांस विशेष मौजेचा वाटेल, कारण त्याचा एक धागा कोंबडीच्या अंड्यांशीं आणि दुसरा शाळेच्या वर्गाशीं जुळलेला आहे. हॉलंडांत जन्मलेला कॉर्नेलिस ड्रेबल (१५७२–१६३३) हा मोठा कल्पक गृहस्थ होता. त्यानें अंडीं उबविण्यासाठीं अशी एक भट्टी रचिली, कीं तींतील उष्णता वाढली म्हणजे नळींतील द्रव पदार्थ फुगून पारा वर ढकलला जावा आणि त्या पाऱ्यानें हवेचें झांकण लोटून विस्तव मंद करावा. उष्णता कमी झाली म्हणजे झांकण पुनः उघडे. मनुष्यानें भट्टीजवळ बसून पाहरा करण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें १८३० सालीं अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि थर्मोस्टॅट हें नांव रूढ केलें तेंही त्यानेंच.

घरांतील खोलीसाठीं विजेवर चालणारें यंत्र मात्र एका शिक्षकानें निर्माण केलें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत व्हाइटवॉटर या गांवीं शिक्षक तयार करणारी एक शाळा होती. तेथें वॉरन जॉन्सन हे अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई वेळोवेळीं प्रत्येक वर्गांत शिरे, खोली किती गरम झाली तें पाही, आणि मग तळघरांत जाऊन भट्टीचीं झांकणें कमीजास्त करी. दर खेपेस दार वाजे आणि शिकविण्याचा खोळंबा होई. यावर तोड म्हणून जॉन्सन यांनीं असें यंत्र तयार केलें, कीं वर्गांतील उष्णतामान बदललें म्हणजे तळघरांतील घंटा वाजून शिपायास वर्दी मिळावी. या यंत्राचें पेटंट त्यांस १८८३ सालीं मिळालें, आणि १८८५ सालीं त्यांनीं मिलवॉकी शहरांत या कामासाठीं कंपनी काढली. धडा मोडूं नये या एका शिक्षकाच्या काळजींतून एवढा मोठा उद्योग उभा राहिला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटचें हृदय म्हणजे पितळ आणि लोखंड यांसारख्या दोन धातूंची एकमेकींस जखडलेली पट्टी. एक मीटर लांबीची पितळेची कांब १० अंशांनीं तापविली तर ती सुमारें ०·१९ मिलिमीटर वाढते. तेवढीच लोखंडाची कांब सुमारें ०·१२ मिलिमीटरच वाढते. दोन्ही स्वतंत्र असत्या तर हा फरक कोणाच्या लक्षांतही आला नसता. परंतु एकमेकींस जखडलेल्या असल्यामुळें जास्त वाढणारी पट्टी कमी वाढणारीस वांकविते. उष्णता वाढली कीं पट्टी एका बाजूस कलते, उतरली कीं दुसऱ्या बाजूस. आणि या कलण्यानेंच विजेचा संबंध जुळतो किंवा तुटतो. आजच्या यंत्रांत पट्टीच्या जागीं बहुधा एक बारीक विद्युत्‌मणि असतो, ज्याचा विजेला होणारा अडथळा उष्णतेप्रमाणें बदलतो. रचना बदलली तरी धर्म तोच. आणखी एक गोष्ट अशी, कीं २० अंशांवर लावलेलें यंत्र बरोबर २० अंशांवरच चालू-बंद होत नाहीं. तें थोडें खालीं गेल्यावर चालू होतें आणि थोडें वर गेल्यावर बंद पडतें. असें अंतर मुद्दाम ठेवितात. नाहीं तर यंत्र क्षणोक्षणीं धडधडत राहून लवकर झिजेल.

आतां मुख्य प्रश्न. यंत्राची पट्टी किंवा मणि हा केवळ स्वतःचें उष्णतामान जाणतो. खोलीचें जाणत नाहीं. त्यास उष्णता तीन वाटांनीं मिळते. पहिली वाट हवेची: आसपासची हवा त्यास स्पर्श करून तापविते किंवा निवविते. दुसरी वाट भिंतीची: ज्या भिंतीवर तें खिळलेलें असतें तिची उष्णता किंवा थंडी त्यांत झिरपते. तिसरी वाट किरणांची: सूर्य, दिवा, चूल, तापलेलें छत यांचे किरण मधल्या हवेस फारसें न तापवितां सरळ त्यावर पडतात. आम्हांस हवी असते ती मुख्यतः पहिल्या वाटेची बातमी, आणि तीही माणसें बसतात-उठतात तेथल्या हवेची. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनें येणारी बातमी ही बहुधा चहाडी असते. थर्मोस्टॅटची जागा निवडणें म्हणजे या चहाडखोरांपासून त्यास दूर ठेवणें होय.

यावरून पुढील गोष्टी ओघानेंच प्राप्त होतात.

पहिली गोष्ट खोलीची. ज्या खोलींत कुटुंबाचा वेळ अधिक जातो, तिच्यांत यंत्र असावें. बोळ, जिना, दाराजवळचा ओटा या जागा तार ओढण्यास सोयीच्या असल्या तरी तेथें कोणी राहत नाहीं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हीं तर मुळींच नकोत. तेथें तासाभरांत हवा गरम होते, वाफेनें भरते आणि पुनः निवते. त्या चढउताराबरोबर साऱ्या घराची भट्टी नाचूं लागेल.

दुसरी गोष्ट भिंतीची. यंत्र घराच्या आंतील, म्हणजे दोन खोल्यांच्या मधील, भिंतीवर असावें. बाहेरच्या भिंतीस एका अंगानें ऊन, पाऊस आणि वारा लागत असतो, आणि त्याची वार्ता ती दुसऱ्या अंगास पोंचविते. मधल्या भिंतींतही धुराडें किंवा गरम पाण्याचा नळ गेलेला नाहीं, आणि पलीकडच्या अंगास चूल किंवा फ्रीज टेकलेला नाहीं, एवढें पाहून घ्यावें. तार आणण्यासाठीं पाडलेलें भोंक मागून बुजवावें. भिंतीच्या पोकळींतील गार हवा त्या भोंकांतून नेमकी यंत्राच्या पाठीवर फुंकर घालीत राहते, आणि पुष्कळ वेळां घरांतील मंडळी वर्षानुवर्षें चुकीचा अंश लावीत बसतात त्याचें कारण एवढेंसें भोंक असतें.

तिसरी गोष्ट उंचीची. तोरणा किल्ला समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. पायथ्याच्या वेल्ह्याहून त्याच्या माथ्यावर हवा गार असते हें किल्ला चढलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. डोंगरावर वर जावें तसतशी हवा निवते. बंद खोलींत मात्र याच्या उलट घडतें. गरम हवा हलकी असल्यानें छताकडे जाते आणि थंड हवा जमिनीलगत बसते. म्हणून यंत्र छताजवळ लावलें तर तें लवकर समाधान पावून भट्टी विझवितें, आणि खालीं माणसें कुडकुडतात. जमिनीजवळ लावलें तर तें कधींच समाधान पावत नाहीं. साधारण माणसाच्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या पातळीस, जमिनीपासून सुमारें ५ फुटांवर म्हणजे दीड मीटरवर, त्याची जागा योग्य होय. घरांत चाकांच्या खुर्चीवर बसणारें माणूस असेल तर त्याच्या हातास पोंचेल इतकें तें खालीं घ्यावें.

चौथी गोष्ट शेजाराची. थेट ऊन, दिवा, टेलिव्हिजन, रेडिएटर, शेगडी यांचा शेजार नको. त्याचप्रमाणें बाहेरचें दार, खिडकी आणि पंख्याचा झोत यांचाही नको. तथापि कोंडलेली जागाही वाईट. दाराआड, पडद्यामागें, कपाटाच्या बगलेंत किंवा कोनाड्यांत लावलेल्या यंत्रापर्यंत खोलीची हवा पोंचतच नाहीं. हवा सहज खेळावी पण झोत लागूं नये, अशी मधली जागा शोधावी लागते. आम्हीं एका कचेरींत पाहिलें आहे, कीं थर्मोस्टॅट नेमका चहाच्या विजेच्या किटलीवर बसविला होता. किटली उकळली कीं यंत्रास वाटे, खोली तापली. आणि मग भर उन्हाळ्यांत कारकून मंडळी अंगांत स्वेटर घालून काम करीत.

पांचवी गोष्ट थंड देशांतील घरांपुरती आहे. तेथें पुष्कळ रेडिएटरांवर आपोआप उघडझांप करणारी झडप असते. ज्या खोलींत थर्मोस्टॅट आहे तेथील रेडिएटरवर अशी झडप नसावी, असल्यास ती पूर्ण उघडी ठेवावी. नाहीं तर झडप आधीं बंद होते, खोली ठरलेल्या अंशास पोंचत नाहीं, थर्मोस्टॅट भट्टी विझवीत नाहीं, आणि बाकीचें घर विनाकारण तापत राहतें. एका घरांत दोन कारभारी झाल्यावर जें होतें तेंच येथें होतें.

येथें आमच्या मुलुखांतील एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत नेहमीं असें आढळतें, कीं थर्मामीटर बाहेर टांगावयाचा असेल तर तो उत्तरेच्या भिंतीवर टांगावा, कारण तेथें ऊन येत नाहीं. हा उपदेश डोळे मिटून भोरास लागू करूं नये. भोर सुमारें १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेंच दक्षिणेस. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत दुपारीं सूर्य बरोबर आमच्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या उत्तरेस असतो. इतकेंच नव्हे, तर २१ मार्चनंतरच तो पूर्वेच्या किंचित् उत्तरेस उगवूं लागतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळूं लागतो; त्यामुळें चैत्र-वैशाखांत उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-सायंकाळ तिरपें ऊन येतें. ज्या महिन्यांत उकाड्याची खरी बातमी हवी, त्याच महिन्यांत ही भिंत बातमी बिघडविते. पावळीचा पुढें आलेला भाग दुपारचें ऊन अडवील, पण सकाळचें सपाट ऊन त्याखालून येईल. पावसाळ्यांत तऱ्हा निराळी. वेल्ह्याकडे पश्चिमेचा पाऊस भिंतीवर आडवा झोडपतो. ओली भिंत वाळतांना गार पडते आणि तिच्यावरचें यंत्र हवेपेक्षां कमी अंश दाखवितें. तात्पर्य, आमच्याकडे घराची बाहेरची कोणतीही भिंत पूर्ण विश्वासाची नाहीं.

म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ भिंतीच्या भानगडींत पडत नाहींत. पुण्यास शिवाजीनगरांत सिमला ऑफिस म्हणून प्रसिद्ध असलेली हवामानखात्याची इमारत पुष्कळांनीं पाहिली असेल. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ सालीं झाली, आणि १९२८ सालीं त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. त्यावरून तें नांव पडलें. पुढें १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली तरी पुण्याचें काम चालूच राहिलें. अशा वेधशाळांच्या आवारांत मोकळ्या जागीं चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लांकडी पेटी असते. तिच्या चारी बाजूंस झिलमिळ्या असतात, म्हणजे हवा आंत-बाहेर खेळते पण ऊन शिरत नाहीं. छप्पर दुहेरी, रंग पांढरा, आणि दार उत्तरेस. थर्मामीटरचा पारा जमिनीपासून सुमारें सव्वा ते दोन मीटर उंचीवर राहतो. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन (१८१८–१८८७) या स्कॉटिश इंजिनियरानें योजिली. दीपगृहें बांधणें हा त्याचा धंदा होता, आणि प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा. वर्तमानपत्रांत पुण्याचें जें उष्णतामान आपण वाचतों तें असल्या सांवलींतील, खेळत्या हवेचें असतें. अंगणांतल्या उन्हांत ठेविलेला थर्मामीटर त्याहून अधिक अंश दाखवितो, म्हणून सरकारी आंकडा खोटा ठरत नाहीं. उन्हांतील थर्मामीटर हवेचें नव्हे तर स्वतःच्या तापण्याचें मोजमाप देत असतो.

आतां आमच्या गांवांतील एसी यंत्राकडे वळूं. यांत थर्मोस्टॅट निराळा दिसत नाहीं. बहुतेक यंत्रांत उष्णता जाणणारा मणि भिंतीवरच्या पेटींतच, जेथून खोलीची हवा आंत ओढली जाते तेथें, बसविलेला असतो. म्हणून पेटीची जागा हीच थर्मोस्टॅटची जागा. पेटी छताजवळ असते आणि तेथील हवा खालच्यापेक्षां गरम. शिवाय पेटीसमोर पडदा, माळा किंवा कपाट असेल तर तिनें सोडलेली गार हवा परतून तिच्याच तोंडांत येते, यंत्र काम झालें असें समजून थांबतें, आणि खाटेवरचें माणूस घामाघूम राहतें. कांहीं यंत्रांच्या रिमोटांतही असा मणि असतो. तो रिमोट उशीखालीं किंवा दिव्याजवळ ठेविला तर साक्षीदारास अंधारकोठडींत टाकून साक्ष विचारण्यासारखें होईल.

स्लॅबच्या घरांत आणखी एक अनुभव येतो. यंत्र २४ अंश दाखवितें, तरी रात्रीं दहा वाजतां जीव घाबरा होतो. येथें यंत्राची चूक नसते. दिवसभर उन्हांत तापलेला स्लॅब रात्रीं आपली उष्णता किरणरूपानें खालीं सोडतो. हवा २४ अंश असली तरी शरीर त्या तापलेल्या छताखालीं असतें. हाच न्याय इंग्लंडांतील आजींच्या खोलीस उलट लागतो. गार खिडकीजवळ आणि गार भिंतीजवळ निजलेल्या माणसाचें शरीर आपली ऊब किरणांनीं त्यांस देत राहतें. अशा वेळीं अंश खालीं उतरवीत जाणें हा महागडा उपाय आहे. गच्चीस पांढरा चुना देणें किंवा तीवर सांवली करणें हा स्वस्त आणि मूळचा उपाय होय. भारत सरकारच्या नियमानें १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी २४ अंशांवर लावलेले येतात, आणि ऊर्जाबचतीच्या सरकारी खात्याचें सांगणें असें आहे, कीं अंश एकानें वाढविल्यास सुमारें शेंकडा ६ वीज वांचते. गच्चीच्या चुन्याचा खर्च या हिशोबांत मांडून पाहावा.

ज्या कुटुंबांनीं कोंबड्यांचीं पिलें पाळलीं आहेत त्यांस हा सर्व विषय आमच्यापेक्षां अधिक कळतो. नुकत्याच आणलेल्या पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंशांची ऊब लागते, आणि पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं कमी करीत जावें लागतें. ही ऊब पिलांच्या पाठीच्या पातळीस हवी, म्हणजे भुशापासून बोटभर-दोन बोटें वर. थर्मामीटर पाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खांबावर टांगला तर तो पाळणाऱ्याचें सुखदुःख सांगेल, पिलांचें नव्हे. आणि यंत्र कांहींही सांगो, अनुभवी बाई आधीं पिलांकडे पाहते. तीं दिव्याखालीं एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झालीं तर त्यांस थंडी वाजते; दिव्यापासून दूर पळून चोंच उघडी टाकून बसलीं तर त्यांस उकडतें; सारखीं पसरून दाणे टिपीत असलीं तर सर्व ठीक. ड्रेबलच्या अंड्यांच्या भट्टीपासून निघालेला थर्मोस्टॅट अशा रीतीनें भोरच्या खुराड्यांत पुनः पिलांपाशीं येऊन पोंचला आहे.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक प्रयोग अवश्य करावा. एक साधा थर्मामीटर घ्यावा आणि तो घरांतील पांच जागीं क्रमानें ठेवावा: मधल्या भिंतीवर छातीइतक्या उंचीस, त्याच भिंतीवर छताजवळ, जमिनीलगत, बाहेरच्या पश्चिम भिंतीच्या आंतल्या अंगास, आणि आजी-आजोबांच्या उशाशीं. प्रत्येक जागीं तो निदान पंधरा मिनिटें राहूं द्यावा, कारण यंत्रास जागेशीं ओळख करून घेण्यास वेळ लागतो. वाचतांना त्यावर श्वास पडूं देऊं नये आणि पारा हातांत धरूं नये. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं असे तीन वेळां आंकडे वहींत लिहावे, आणि प्रत्येक आंकड्यापुढें त्या जागीं बसलेल्या माणसास काय वाटलें तेंही लिहावें. एकाच घरांत किती हवामानें नांदतात हें पाहून त्यांस नवल वाटेल. पुढें घरांत असें यंत्र बसविण्याची वेळ आली तर ही वही वायरमनपुढें ठेवावी.

पालकांस आमची एक विनंति आहे. थंड देशांतील घरासंबंधानें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं अशी शिफारस केली आहे, कीं हिंवाळ्यांत घरांतील हवा १८ अंशांखालीं जाऊं देऊं नये. वृद्धांस आणि लहान मुलांस याहूनही अधिक ऊब लागूं शकते. म्हातारपणीं शरीराची ऊब राखण्याची शक्ति कमी होते, आणि तान्ह्या मुलास तर आपलें दुःख सांगतांही येत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलांस पत्र लिहितांना किंवा फोनवर बोलतांना, थर्मोस्टॅट किती अंशांवर आहे एवढेंच विचारूं नका. तो कोठें आहे आणि बाळ कोठें निजतें हेंही विचारा.

त्या नातवानें पुढें काय केलें तें सांगून हा लेख पुरा करतों. त्यानें बोळांतील यंत्र काढून माणसें बसतात त्या खोलीच्या आंतल्या भिंतीवर नेलें, मागचें भोंक बुजविलें, आजीच्या खोलींतील रेडिएटरची अर्धवट मिटलेली झडप उघडली आणि खाट खिडकीपासून दूर सरकविली. भट्टी पूर्वीपेक्षां अधिक अंशांवर लावावी लागली नाहीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें अशी आपल्याकडे म्हण आहे. ती थंडीलाही लागू पडते. यंत्र जरूर असावें, चांगलें असावें, योग्य जागीं असावें. परंतु घरांतील एखादें माणूस "मला गारठतें" किंवा "मला उकडतें" असें म्हणालें, तर भिंतीकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या जागीं जाऊन क्षणभर बसावें. त्या जागेची साक्ष देणारें त्याहून चांगलें यंत्र अद्याप कोणीं केलेलें नाहीं.